सही कुणाची चालते? (देवाधर्माचं करणाऱ्यांना विचारायचं आहे)

घंटाळीकर (धागाकर्ती)

नमस्कार. लिहू की नको, असं दोन महिने चाललंय. आज एकादशी. दुपारचं सगळं आवरून बसले आहे, तर लिहूनच टाकते.

आमचं घर माळकरी. वडिलांनी अठरा वाऱ्या केल्या. आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून संध्याकाळचा हरिपाठ चुकवत नाही. आम्ही तिघं भावंडं. मोठा भाऊ पुण्याला, मी नौपाड्यात आणि धाकटा वसंत विहारला. 'होता' असं लिहायला अजून हात धजत नाही.

धाकट्याने लग्न केलं नाही. तो आणि त्याचा मित्र सतरा वर्षं एका घरात राहत होते. आम्हाला सगळ्यांना कळत होतं, पण कुणी बोलत नव्हतं. गणपतीला दोघं मिळून यायचे. मोदकाच्या पाऱ्या मित्राच्या हातून माझ्यापेक्षा सुबक व्हायच्या, आणि आरतीला मात्र तो सगळ्यांच्या मागे उभा राहायचा. पाहुण्यांना त्याची ओळख 'रूम पार्टनर' म्हणून करून द्यायची पद्धत पडली होती. ती मीच पाडली.

वैशाखात एका रात्री अडीच वाजता धाकट्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मित्राने लगेच जवळच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा त्याला विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" तो म्हणाला, आम्ही एकत्र राहतो. रक्ताचं नातं असलेलं कुणी आहे का, म्हणाले. मी त्या रात्री नाशिकला नणंदेकडे. फोनवर गयावया केली, यालाच सही करू द्या म्हटलं. नाही ऐकलं. मी पोहोचले तेव्हा उजाडलं होतं. मी सही केली. चौथ्या दिवशी तो गेला.

तीन तासांनी फरक पडला असता असं मी म्हणत नाही. रक्तस्राव फार मोठा होता, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते मी मानते. पण ज्याला धाकट्याची बीपीची गोळी, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठतं ते, सगळं पाठ होतं, तो बाहेर बाकावर बसून राहिला. आणि मी आठ महिन्यांत त्या घराची पायरी चढले नव्हते, तरी माझी सही चालली.

जवाहर बाग स्मशानभूमीत मोठ्या भावाने अग्नी दिला. मित्र दारापाशी उभा होता. त्याला पुढे ये म्हणायचं मला सुचलं नाही. सुचलं होतं खरं, धीर झाला नाही.

आता घराचं. मृत्युपत्र करू करू म्हणत राहून गेलं. हप्ते दोघांनी मिळून फेडले, कागदावर नाव एकट्या धाकट्याचं. वकील म्हणाले, आता मालक तुमची आई. ते ऐकून आईने एवढंच विचारलं, "मग तो कुठे राहणार?"

विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांचा, असं मी जन्मभर मानत आले. आजही तसंच वाटतं, खोटं कशाला सांगू. पण मला जे माझ्या देवापुढे पटतं, ते सरकारने दुसऱ्याच्या सहीवर का लादायचं? की धाकट्यापायी मी माझ्या सोयीचं बोलते आहे? कशावरच विश्वास नसलेल्यांना याचं उत्तर सोपं जात असेल. माझं अडलंय, म्हणून तुम्हाला विचारते.

इंद्रायणीकाठ

ताई, वाचून सुन्न झालो. धाकट्यांना भावपूर्ण श्रद्धांजली. दवाखान्यात जे झालं ते वाईटच झालं, त्यावर दुमत असायचं कारण नाही.

तरीही तुमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देतो. कायदा हवेत तयार होत नाही. समाज ज्याला विवाह म्हणतो त्यालाच कायदा विवाह म्हणतो. गृहस्थाश्रम हा कुळासाठी, संततीसाठी आणि पितृऋणासाठी आहे. दोघांच्या प्रेमावर शिक्का मारण्यासाठी तो नाही. उद्या कायद्याने व्याख्या बदलली की शाळेच्या पुस्तकात ती बदलेल, आणि मग माझ्या नातवाला मी जे शिकवतो ते जुनाट ठरेल. माझी श्रद्धा मी घरात पाळावी आणि बाहेर गप्प बसावं, असं सांगितलं जातं तेव्हा मला ते पटत नाही. मीही नागरिक आहे, माझंही मत कायद्यात उतरलं पाहिजे.

सहीची सोय करा, वेगळा नियम करा. त्यासाठी विवाह कशाला?

कळवा_पूल

वाचतोय. ताई, आईंना नमस्कार सांगा.

कोर्टनाका

ठाण्यात २६ वर्षं दिवाणी वकिली करतो. रोज सकाळी कोपिनेश्वराला जाऊन मग कोर्टात जातो, म्हणजे ताईंना हव्या असलेल्या गटातलाच आहे.

आधी कायदा आज कुठे उभा आहे ते सांगतो, कारण यात फार गोंधळ असतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध बाहेर काढले. तो गुन्हा राहिला नाही, एवढंच झालं. लग्नाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा, पाच न्यायमूर्तींचा. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. नोंदणी लग्नाचा विशेष विवाह कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा, म्हणाले. लग्न नाही तर निदान अशा जोडीदारीला कायद्याची ओळख द्यावी का, यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. ती द्यावी असं म्हणणारे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल अल्पमतात गेले. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या.

त्या निकालानंतर केंद्राने समिती नेमली. २०२४ मध्ये काही गोष्टी स्पष्ट केल्या गेल्या: एकत्र बँक खातं काढता येतं, खात्याला नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव लावता येतं, रेशन कार्डावर एक कुटुंब म्हणून धरावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात द्यावं. चांगलं आहे, पण हे सगळे पत्रांचे विषय. रात्री अडीच वाजता काउंटरवरच्या माणसाला पत्र दाखवून पटत नाही.

आता 'वेगळा नियम करा' याबद्दल. इंद्रायणीकाठ, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण असे किती नियम करायचे ते बघा. ताईंच्याच घराचं घेऊ.

धाकट्यांना पत्नी असती, तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे आई आणि पत्नी दोघी पहिल्या वर्गातल्या वारस, अर्धा अर्धा हिस्सा. मित्राला शून्य.

समजा आई म्हणाल्या, मी ते घर त्याला बक्षीस देते. महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. दिवंगत मुलाची पत्नी, हे शब्द कायद्यात आहेत. मित्रासाठी मात्र बाजारभावावर पूर्ण शुल्क. वर प्राप्तिकर खातं म्हणणार की नात्याबाहेरच्या माणसाकडून ५०,००० रुपयांवरची भेट आली, हे तुमचं उत्पन्न धरा. जोडीदारांमधल्या भेटीवरच्या याच करावरून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आहे.

धाकटे असताना सोसायटीत मित्राचं नाव सहयोगी सभासद म्हणून लावायला गेले असते, तरी सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत यादी ठरलेली आहे: पती, पत्नी, आईवडील, भाऊ, बहीण, मुलं, जावई, सून, पुतणे-भाचे. त्यात तो बसत नाही. मूत्रपिंड द्यायचं झालं असतं तर १९९४ च्या कायद्याने तो 'जवळचा नातेवाईक' ठरत नाही, समितीपुढे जावं लागलं असतं.

प्रत्येक ठिकाणी कायदा 'पती, पत्नी' हे दोन शब्द वापरून पुढे जातो. दहा ठिकाणी दहा अपवाद लिहायचे, की एक दार उघडायचं, एवढाच प्रश्न आहे.

ताई, तुमच्यासाठी: मुलाकडून आलेल्या घराची आई आता पूर्ण मालक आहेत. त्यांनी मृत्युपत्र करावं. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर हा भेटीचा कर लागत नाही आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही नाही. दोन साक्षीदार, वय बघता डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि शक्यतो नोंदणी करून टाका.

कौसा_स्टॉप

माझ्या धर्मात हे निषिद्ध आहे आणि मी ते मानतो. ताईंच्या भावाच्या घरच्यांसाठी दुआ करतो. एकच विचारायचंय. हे दार उघडताना आमच्या निकाहच्या कायद्याला हात लागणार का? भीती तिथे आहे.

कोर्टनाका

रास्त प्रश्न. २०२३ च्या सुनावणीत न्यायालयाने सुरुवातीलाच सांगितलं होतं की धर्मानुसार चालणाऱ्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही, फक्त १९५४ चा विशेष विवाह कायदा बघू. काझी, गुरुजी, फादर यांच्यापैकी कुणालाही लग्न लावायला भाग पाडावं, अशी मागणी तिथे नव्हती.

मासुंदा

आम्ही ठाण्यातले जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती, तळ्याजवळच्या सेंट जॉन चर्चचे. माझा अनुभव थोडा बाजूचा आहे, पण उपयोगी पडेल.

माझ्या बहिणीचा नवरा दारू पिऊन मारायचा. कोर्टाने सहा वर्षांपूर्वी घटस्फोट दिला. चर्चच्या दृष्टीने मात्र ते लग्न अजून आहे, कारण आमच्यात विवाह हा संस्कार आणि तो माणसाने तोडायचा नाही. तिला चर्चमध्ये दुसरं लग्न करता येणार नाही. बहीण हे मानते. ती एकटी राहते, दर रविवारी मिस्साला येते. पण नवरा पुन्हा दारात आला तर पोलिसांना दाखवायला तिच्याकडे कोर्टाचा कागद आहे. आमच्या फादरनी कधी म्हटलं नाही की सरकारने घटस्फोट बंद करावा म्हणजे आमची शिकवण टिकेल. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ पासून आहे. दीडशे वर्षं दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत.

समलिंगी संबंधांना आमचं चर्च पाप म्हणतं. पण पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा गुन्हा नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची परवानगी दिली आणि ते लग्न समजू नये, असंही त्यातच लिहिलं. आमच्या प्रार्थना गटात यावरून पुष्कळ वाद झाला, दोन कुटुंबं यायची थांबली. मला स्वतःला तो आशीर्वाद योग्य वाटतो. आशीर्वाद मागायला आलेल्या माणसाची आधी चौकशी करावी, असं मला कुणी शिकवलं नाही.

सोनचाफा

ताई, तुम्ही 'धीर झाला नाही' लिहिलंत तिथे मी थांबले. आमच्या घरातही एक 'मैत्रीण' आहे. एवढंच.

पामबीच

हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे. आपल्या संस्कृतीत नव्हतं, नको. अशांना घरात घेतलं म्हणूनच

*(संपादक: पुढचा भाग काढला आहे. मतभेद जरूर मांडा, घरच्या माणसांवर शेरे नकोत. धागाकर्ती दुःखात आहेत.)*

कोर्टनाका

कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातलं. शिक्षा बाहेरून आली, हे तरी नोंदवून ठेवू.

करावे_गाव

नेरूळ-सीवूड्स भागात ३१ वर्षं पौरोहित्य करतो. दोन दिवस हा धागा वाचतो आहे, आता लिहितो.

माझं मत आधी सांगतो. मी असा विवाह लावणार नाही. विवाहहोमातले मंत्र वधू आणि वर यांच्यासाठी आहेत. सप्तपदीतलं पाचवं पाऊल 'प्रजाभ्यः', संततीसाठी. मंत्र बदलून संस्कार करायचा मला अधिकार नाही. शिखंडीचं, बृहन्नडेचं उदाहरण देऊन काही जण मला पटवायला येतात. पुराणातल्या कथेवरून विधी ठरत नसतो, तेव्हा तेही मला चालत नाही.

पण ताई, स्मशानाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर बोलणं माझं कर्तव्य आहे. अंत्यविधीचा अधिकार कुणाला, याचा क्रम शास्त्रात फार लांब आहे. मुलगा, भाऊ, सपिंड असं करत तो खाली येतो, आणि त्यात शिष्य आहे, मित्रही आहे. तर्पणात आपण आईवडिलांबरोबर गुरूंना, आप्तांना, मित्रांना तिलांजली देतो. तेव्हा भाऊ हजर असताना अग्नी भावाने दिला, हे ठीकच. पण त्या गृहस्थांना दारापाशी उभं करा, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. त्यांना मागे ठेवलं ते लोकांच्या नजरेने. शास्त्राच्या नावावर ते घालू नका, एवढी विनंती.

मासिक श्राद्ध कोण करतं? त्यांना तिलांजली द्यायची असेल तर मी ठाण्याला येईन. दक्षिणा नको.

खारीगाव_नाका

गुरुजी, आदराने विचारतो. साठीनंतरची लग्नं तुम्ही लावता ना? तिथे पाचवं पाऊल कशासाठी?

करावे_गाव

लावली आहेत, चार. पाचव्या पावलाला मी तोच मंत्र म्हणतो आणि मनात म्हणतो की यांची आधीची मुलं सुखी राहोत. तुमचा प्रश्न मला लागला. उत्तर आज माझ्याकडे नाही.

वैष्णव_कोपरखैरणे

इथे नऊ वर्षं नुसता वाचत आलो. हा पहिला प्रतिसाद.

मी माळकरी आहे आणि मी तसाच आहे, ताईंच्या भावासारखा. आळंदी ते पंढरपूर सहा वेळा चाललो. दिंडीत माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला, कुणी पायाला तेल लावलं, कुणी विचारलं नाही. विठ्ठलासमोर उभं राहिल्यावर मला कधीही असं वाटलं नाही की मी काही लपवतो आहे. लपवायला लागतं ते कोपरखैरण्यात घरी आल्यावर.

इंद्रायणीकाठ काका, तुम्ही नातवाला काय शिकवाल याची काळजी लिहिलीत. माझ्याही आईला ती आहे. पाच वर्षांत तिने माझ्यासाठी चौदा स्थळं आणली. प्रत्येक स्थळामागे एक मुलगी होती. एकदा साखरपुड्यापर्यंत गेलं. आदल्या रात्री मी त्या मुलीला फोन करून खरं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, आता सांगितलंस ते बरं केलंस. घरचे मला अजून त्या नाचक्कीवरून बोलतात. धर्माने वागणं म्हणजे काय, हे मला त्या रात्री जितकं कळलं तितकं कुठल्याही कीर्तनात कळलं नव्हतं. मी तिच्याशी लग्न केलं असतं तर कायद्याने ते शंभर टक्के वैध होतं, संस्कारही यथासांग झाला असता.

ज्ञानदेवांच्या आईवडिलांची कथा आपण दर वर्षी ऐकतो. संन्यास सोडून संसारात आले म्हणून वाळीत टाकलं, मुलांची मुंज अडली. ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. वाळीत टाकणारेही श्रद्धाळूच होते, आणि नियम त्यांच्या बाजूने होता. मी माझी तुलना त्या कुटुंबाशी करत नाही, तेवढी पात्रता नाही. पण नियमाच्या बाजूने उभे असताना आपण कुणाला दारापाशी ठेवतो आहोत, एवढं बघा.

गुरुजी, तुम्ही माझं लग्न लावावं, असा माझा आग्रह नाही. पण सातव्या पावलाचा मंत्र 'सखा' होण्याचा आहे ना? आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण, असं लिहिलं आहे. माझा सखा ऐरोलीला राहतो. आम्हाला रजिस्ट्रारच्या टेबलापाशी दोन सह्या करायच्या आहेत. मला काही झालं तर त्याने बाकावर बसू नये.

इंद्रायणीकाठ

बाळा, तुझा प्रतिसाद चार वेळा वाचला. त्या मुलीला फोन केलास ते फार मोठं काम केलंस. मी आजोबा म्हणून सांगतो, माझ्या नातवाने तुझ्या जागी तेवढं करावं.

विवाहाबद्दलचं माझं मत बदललं, असं म्हणणार नाही. घाईने मत बदलणं हा तुझा अपमान होईल. पण वकीलसाहेबांनी दिलेली यादी वाचून 'सहीची सोय करा' हे मी किती सहज लिहिलं होतं ते लक्षात आलं. वडील म्हणायचे, आधी घटस्फोट आपल्यात नव्हता, १९५५ ला तो देशभरच्या कायद्यात आला तेव्हा धर्म बुडाला असं गावात बोलत होते. धर्म काही बुडाला नाही. माझ्या भाचीला त्याच कायद्याने सोडवलं.

न्या. चंद्रचूड आणि न्या. कौल म्हणत होते तशी कायद्याची ओळख द्यायला माझी हरकत नाही. संसदेने करावी. 'विवाह' या शब्दापाशी मी अजून थांबलो आहे.

वैष्णव_कोपरखैरणे

थांबा काका. मी पण त्याच रस्त्यावर आहे. बोलत राहू.

मासुंदा

ताई, बरेच दिवस तुमचं काही नाही. आई कशा आहेत?

घंटाळीकर (धागाकर्ती)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते, उत्तर द्यायला उशीर झाला. माफ करा.

आईचं मृत्युपत्र झालं. डॉक्टरांनी तपासून प्रमाणपत्र दिलं. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात तिला वाचून दाखवलं, "मुलाच्या मित्रास" असं आलं तिथे तिने थांबवलं आणि विचारलं, दुसरा काही शब्द नाही का? तिथल्या बाईंनी सांगितलं, आजी, नातं म्हणून लिहायला दुसरं काही बसत नाही. आईने सही केली. तिची सही अजून मोडीच्या वळणाची आहे.

मोठ्या भावाला मी फोन करून सगळं सांगितलं. तो रागावला आहे. घरासाठी नाही, त्याला पैशांची ददात नाही. म्हणाला, तुम्ही हे चारचौघांत आणलंत. मी म्हटलं, सतरा वर्षं आपण ते चारचौघांत येऊ दिलं नाही आणि काय झालं ते बघ. त्याने फोन ठेवला. तोही माझा भाऊच आहे, त्याच्यासाठीही जीव तुटतो.

गेल्या तिथीला नेरूळहून गुरुजी आले. खरंच आले. वसंत विहारच्याच घरी श्राद्ध केलं. मोठा आला नव्हता. गुरुजींनी मित्राला सोवळं नेसायला दिलं, पाटावर बसवलं, दर्भाचं पवित्रक बोटात घातलं. त्याचे हात इतके कापत होते की तीळ ताम्हणाबाहेर पडले. गुरुजी म्हणाले, सावकाश, वेळ आहे आपल्याकडे. मग नाव, गोत्र सांगितलं आणि तर्पणात 'अस्मत्सखायम्' म्हणाले. आई कॉटवर बसून ऐकत होती. तिने विचारलं, काय म्हणालात? गुरुजींनी मराठीत सांगितलं, "आमचा सखा." आईने पदर डोळ्यांना लावला.

जेवताना मी गुरुजींना म्हटलं, विवाहाबद्दल तुमचं मत? म्हणाले, आहे तेच आहे. आणि दुसरी वाढलेली खीर घेतली.

माझं स्वतःचं अजून पूर्ण ठरलेलं नाही. पण रजिस्ट्रारचं टेबल हे देवघर नव्हे, एवढं मला आता पक्कं कळतंय. तिथे त्या दोघांच्या सह्या झाल्या असत्या तर माझ्या हरिपाठातलं एक अक्षर कमी झालं नसतं. आणि धाकट्याजवळ त्या रात्री त्याचं माणूस असतं.

कोपरखैरण्याच्या दादा, तुम्ही आणि तुमचे ऐरोलीचे, दोघं एकदा घरी या. तळ्यापासून दहा मिनिटांवर आहे.

पुढच्या महिन्याची तिथी मित्राने भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवली आहे.